देखाव्यातले १२ व्होल्टचे दिवे: यूएसबी रिले, एसएसआर की मॉस्फेट?

गणपतीच्या देखाव्यात निवेदनाबरोबर दिवे लॅपटॉपवरून लावायचे-विझवायचे असतील, तर खरेदीआधी करंटचा हिशोब करा. १२ व्होल्ट म्हणजे किरकोळ काम, असं वाटतं. पण मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० जातीची पाच मीटर पट्टी साधारण ७२ वॉट घेते, म्हणजे ६ अँपिअर. स्विच आणि वायर दोन्ही त्या मापाचे हवेत.

निळ्या चौकोनी रिलेचा (कॉइलच्या चुंबकाने आतला स्विच जोडणारा-तोडणारा भाग) यूएसबी बोर्ड सगळ्यात सोपा. सीएच३४० चिप असलेला बोर्ड कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट म्हणून दिसतो, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या चार ओळींत काम होतं. आतल्या स्विचचा कॉन्टॅक्ट यूएसबीच्या सर्किटपासून पूर्ण वेगळा असल्याने एसी-डीसी काहीही चालतं. फक्त आठ रिलेंचा बोर्ड घेतलात तर त्याला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या: एक कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, आठ मिळून ५६०, आणि यूएसबी २ चा पोर्ट देतो ५००.

खरी अडचण आयुष्याची. अशा रिलेचं आयुष्य पूर्ण लोडवर साधारण एक लाख वेळा इतकं धरतात. सेकंदाला एकदा लुकलुकणारी माळ रोज पाच तास चालवली, तर दहा दिवसांत १ लाख ८० हजार वेळा कॉन्टॅक्ट आपटतो. लोड कमी असला तर रिले जास्त टिकेल, पण टकटक निवेदनाच्या मध्येमध्ये ऐकू येणारच.

आवाज नको म्हणून बरेच जण एसएसआरकडे (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) वळतात आणि इथेच फसतात. स्वस्त बोर्डांवर हमखास दिसणारा ओम्रॉनचा जी३एमबी-२०२पी फक्त एसीसाठी आहे. आत ट्रायॅक हा एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो करंट शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही. डीसीत करंट शून्यावर येतच नाही, त्यामुळे दिवा एकदा लागला की लागलेलाच राहतो. १२ व्होल्ट एलईडीसाठी हा घेऊच नका.

लुकलुक किंवा हळूहळू उजळणं हवं असेल तर माझं मत सरळ मॉस्फेटला, म्हणजे स्विचसारखा वापरायच्या ट्रान्झिस्टरला. आवाज नाही, झीज नाही, पीडब्ल्यूएमने (अतिवेगाने चालू-बंद करून) उजेड कमी-जास्तही करता येतो. मात्र आयआरएफ५२० या मॉस्फेटचं मॉड्यूल टाळा. त्याच्या गेटला (चालू-बंदचा इशारा घेणारी पिन) १० व्होल्ट लागतात, ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाच्या ३.३ व्होल्टवर तो धड उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड४४एन मॉस्फेट घ्या आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडलेल्या अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर चालवा. अर्डुइनो आणि अडॅप्टर यांचे मायनस एकत्र जोडायला विसरू नका.

दृश्यागणिक एकदोनदाच लागणारे दिवे असतील, किंवा एसीवरचे जुने १२ व्होल्ट हॅलोजन असतील, तर रिलेच बरा.

बोर्ड कोणताही घ्या, अडॅप्टर आणि बोर्ड दोन्ही दिव्यांजवळ ठेवा, लांब न्यायची ती लॅपटॉपची बारीक वायर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरने ६ अँपिअर दहा मीटर लांब नेले, तर जाऊन-येऊन पावणेतीन व्होल्ट वायरीतच जातात, आणि पट्टी मंद दिसते.