सत्तावीसच्या जागी शून्य सात

'तुमच्या धंद्याचा ब्रँड उभा करून देतो' म्हणणाऱ्या एका ऑनलाइन भामट्याला मी दिले एकूण ४९,३२९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावातल्या टपरीवर तो परवापर्यंत दोन लाखांवर पोचलाय. शिवाय माझं नाव वापरून त्याने एका चाकरमान्याचे २५,००० उकळले, ते वेगळे. लिहायची लाज वाटते. पण गेल्या पंधरवड्यात ओळखीच्या एका होमस्टेवाल्या वहिनींना आणि एका आंबा बागायतदाराला त्याच साच्यातला मेसेज आला, म्हणून लाज बाजूला ठेवली.

माझा धंदा जुनी कौलारू घरं दुरुस्त करायचा. राजापूर ते देवगड पट्ट्यात कुठेही. वासे, रिपा बदलायच्या, कौलं चाळायची, चिऱ्याच्या भिंती सावरायच्या. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचं. मे महिन्यात येणार, घर बघून हळहळणार आणि गणपतीच्या आत सगळं झालं पाहिजे म्हणणार. इतकी वर्षं कामं तोंडओळखीवर मिळाली. आता बोरिवलीत बसलेला माणूस गावच्या घराला मिस्त्रीसुद्धा मोबाईलवर शोधतो. म्हणून भाच्याकडून इन्स्टाग्रामवर पान काढून घेतलं, लिंक्डइनवर प्रोफाइल केलं. पानाला ४१२ फॉलोअर होते. मोडक्या पडवीचा आधीचा आणि नंतरचा फोटो टाकला की दोन-तीन चौकशा यायच्या, त्यातली एखादी कामाची निघायची. हे मुद्दाम सांगतो. मला त्या माणसाची गरजच नव्हती.

यंदा फेब्रुवारीत लिंक्डइनवर मेसेज आला. "सर, तुमचं काम पाहिलं. वारसा घरांमध्ये तुमचा ब्रँड उभा राहू शकतो." मराठी शुद्ध, फोटो टायमधला, पत्ता पुण्याचा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आधी लहान रक्कम, मग मोठी, मग 'परत मिळणारी'. नोंदणीचे २,९९९. सहा महिन्यांच्या पॅकेजचे १८,५०० अधिक जीएसटी ३,३३०, म्हणजे २१,८३०. नावापुढच्या निळ्या खुणेचे ९,५००. शेवटी जाहिरातींच्या 'वॉलेट'साठी १५,०००, काम संपलं की परत.

आता त्या बिलाकडे येतो, कारण रात्री झोप उडते ती त्या बिलानेच. आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो. बायको आमच्या धंद्याची बिलं लिहिते. तिने मोबाईल हातात घेतला, बोटांनी बिल मोठं केलं आणि म्हणाली, "अहो, माणूस पुण्याचा ना? मग नंबर शून्य साताने कसा सुरू होतो? आपल्या सिमेंटवाल्याचा सत्तावीसने होतो." जीएसटीचा नंबर १५ अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७, दिल्लीचा ०७. बरं, दिल्लीचा असेल तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकच कर, लागायला हवा. इथे केंद्राचा सीजीएसटी १,६६५ आणि राज्याचा एसजीएसटी १,६६५ असे सरळ दोन भाग. म्हणजे वरचा नंबर दिल्लीचा आणि खालचा कर महाराष्ट्रातल्या माणसाने लावावा तसा. एवढं ढळढळीत समोर होतं आणि मी काय बोललो? "हेड ऑफिस तिकडे असेल गं." चोराने त्याची बाजू मांडलीच नव्हती, मीच त्याचा वकील झालो. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही नंबर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. मी ते तीन महिन्यांनी केलं. नंबर दिल्लीतल्या कुठल्याशा कपड्याच्या दुकानाचा निघाला.

मी बावळट नाही हो. चिरा नुसता ठोकून आवाजावरून सांगतो की आतून मऊ आहे. वाशाला नख लावून वाळवी ओळखतो. पण तेव्हा तीन घरं उघडी पडली होती, सुतार दांड्या मारत होता आणि मिरग डोक्यावर येणार होता. त्यात फॉलोअर नऊ दिवसांत ४१२ वरून ६,३०० झाले. डोळे दिपतात माणसाचे. त्या ६,३०० मध्ये कोकणातलं, मुंबईतलं एक आडनाव दिसेना, निम्म्यांना फोटो नाही, आणि चौकशी एकही नाही. तेही दिसलं होतं.

निळ्या खुणेचं ऐका, म्हणजे तुमचे तरी वाचतील. इन्स्टाग्राम ज्या कंपनीचं, त्या मेटाची ती खूण महिन्याच्या वर्गणीवर मिळते. जून २०२३ मध्ये आपल्याकडे सुरू झाली तेव्हा मोबाईलवर महिना ६९९ रुपये होते. ती ॲपमध्ये स्वतःच घ्यायची असते, मधे कुणी एजंट लागत नाही. लिंक्डइनवर ओळखीची पडताळणी तर फुकट होते. मी ९,५०० दिले, 'आयुष्यभरासाठी'.

मे महिन्यात एका घराच्या आढ्यावर बसलो होतो, एका हाताने वासा धरलेला. फोन आला, "सर, वॉलेट जोडायचंय, सहा आकडी कोड आलाय तो सांगा." सांगितला. कोडच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, कुणाला देऊ नका. बँकेचा ओटीपी मी सख्ख्या भावाला देणार नाही, पण हा पैशाचा नाही, पानाचा आहे, असं वाटलं. खाली उतरेपर्यंत पान हातचं गेलं होतं. माझंच नाव, माझेच फोटो, फक्त खालचा मोबाईल नंबर दुसरा. आठवड्याभरात एका चाकरमान्याने त्या नंबरवर २५,००० आगाऊ पाठवले आणि मला विचारायला आला, "माणसं कधी येतायत?" त्यांचं निम्मं काम मी फुकट करून देतोय. शेजारचे काका एवढंच म्हणाले, "मेल्या, इतक्या शिकलंस ता काय उपेगाचा?"

आणि आता साहेब लोक. पान गेल्यावर दोन दिवस त्या माणसालाच फोन लावत बसलो, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी सड्यावर रेंजमध्ये जाऊन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, लावला. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या काही तासांत लावला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. माझी कधीच पुढे सरकली होती. तक्रार क्रमांक मिळाला, तो मात्र लगेच. बँकेत गेलो. "तुम्ही स्वतःच पाठवलेत, मग फसवणूक कसली?" पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण म्हणाले, "हा तुमचा व्यवहार फिसकटलाय, दिवाणी दावा करा." माझं पान दुसरा माणूस माझ्या नावाने चालवतोय, यात दिवाणी काय आलं? "मग जिल्ह्याला सायबरकडे जा." गेलो. तिथे म्हणाले, आधी ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात म्हणाले, पत्र जिल्ह्यानेच मागवायला हवं. चार खेपा, एसटी आणि चहापाणी मिळून १,१४० रुपये. वरच्या आकड्यात ते धरलेले नाहीत. शेवटी वाचून गेलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, हद्द कुठलीही असो, पोलिसांना खबर घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी आणि ६६ डी, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी. हवालदार म्हणाले, "तुम्हालाच एवढं ठाऊक आहे तर तुम्हीच लिहा." लिहिलं. माझ्याच पेनाने, त्यांच्या कागदाच्या दोन्ही बाजू भरून. पोच मिळाली, शिक्का पुसट. त्यानंतर फोन नाही.

पान परत मिळवायला चेहऱ्याचा व्हिडिओ देऊन ओळख पटवायची सोय आहे, पण खात्यात आपले फोटो असतील तर. माझ्या १३० फोटोंत घरं आहेत, वासे आहेत, एका माजघरातलं मांजरसुद्धा आहे. मी कुठेच नाही. तुमच्या पानावर तुमचं तोंड असलेले दोन फोटो आजच टाका. दुहेरी पडताळणी चालू करा, आणि पान चालवायला दिलंत तरी पासवर्ड आणि कोड देऊ नका.

आमची बिलं आता बायकोने 'बरोबर' म्हटल्याशिवाय मी भरत नाही. ते पान अजून चालू आहे. काल त्यावर मी गेल्या वर्षी बांधलेल्या पडवीचा फोटो पुन्हा टाकलाय, आणि खाली दादरच्या कुणीतरी विचारलंय, "रेट काय?"