टाइमआउट कमांड: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

मालवणात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचं शूटिंग रोज रात्री एक वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) आरसिंकने (फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवणारा प्रोग्राम) पुण्यातल्या मशीनवर जातं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात लाइन मध्येच तुटली आणि आरसिंक लटकला. त्याला मुदत दिली नसेल तर तो वाट बघतच बसतो. दुसऱ्या रात्री दुसरा सुरू झाला, मग तिसरा. पाचव्या दिवशी सकाळी पाच आरसिंक एकाच हार्ड डिस्कवर चालू होते. ‘‘काय रे ता रातभर घरघरता?’’ आईने विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत टाइमआउट, म्हणजे दिलेली मुदत संपली की प्रोग्राम थांबवणारी कमांड, रोज वापरतोय. वेगळं काही बसवावं लागलं नाही, लिनक्सवर ती जीएनयू कोअरयुटिल्स या मूलभूत कमांडच्या संचासोबत आलेलीच होती. मूळ कमांडच्या आधी टाइमआउट आणि मुदत लिहायची, बस्स. नुसता आकडा म्हणजे सेकंद. मुदत संपली की ती आधी टर्म सिग्नल (‘थांब’ अशी सूचना) देते, म्हणजे प्रोग्रामला आवरायला वेळ मिळतो. तरीही हटला नाही तर किल-आफ्टर हा पर्याय कामी येतो: आणखी ठरावीक वेळ थांबून तो प्रोग्राम जबरदस्तीने बंद (किल) करतो. मी ३० सेकंद ठेवलेत आणि तो पर्याय कधीच गाळत नाही.

मुदत किती ठेवायची, इथे मात्र मी चुकलो. दोन तास ठेवले होते. पावसात अपलोड ६ एमबीपीएसवर आला, म्हणजे दोन तासांत जेमतेम ५.४ जीबी. एका लग्नाची फाइल होती ११ जीबीची. रोज अर्ध्यावर तुटायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा शून्यापासून. नऊ रात्री फुकट गेल्या, त्या लग्नाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आरसिंकला पार्शल पर्याय लावल्यावर अर्धी फाइल टिकू लागली आणि तिसऱ्या रात्री ती पूर्ण पोचली.

आता मुदती दोन आहेत. आरसिंकची स्वतःची ३०० सेकंदांची, डेटा हलेनासा झाला तर. आणि बाहेरून टाइमआउटची चार तासांची. त्यामुळे एक्झिट कोडवरूनच (कमांड संपताना देते तो आकडा) कारण कळतं: ३० म्हणजे डेटा अडकला, १२४ म्हणजे काम चालू होतं पण वेळ पुरला नाही, १३७ म्हणजे किल करावं लागलं. हा कोड लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) लिहून घेतला नाही, तर नुसती मुदत लावून काही कळणार नाही.

स्क्रिप्ट हाताने चालवताना आतला प्रोग्राम पासवर्ड विचारणार असेल तर फोरग्राउंड पर्याय लावा, नाहीतर तो तिथेच थबकतो.

सप्टेंबरात सलग तीन सकाळी ३० दिसला. लॉगमधल्या वेळा लिहून इंटरनेटवाल्याकडे नेल्या. त्याच संध्याकाळी त्याचा माणूस खांबावर चढला आणि पाणी गेलेला जोड बदलून दिला.