रंग लावून दहा महिने झाले: शेडपेक्षा फिनिशच जास्त दिसतं

डोंबिवलीत नव्वदच्या दशकातल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. फेब्रुवारीत सगळं घर रंगवून घेतलं. त्यानंतर उन्हाळा, अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी आणि दोन शाळकरी मुलं एवढं सगळं त्या भिंतींवरून गेलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. रंगकाम झाल्या झाल्या लिहिलेले रिव्ह्यू मी बरेच वाचले होते. त्यांचा काही उपयोग होत नाही, कारण पहिल्या आठवड्यात कुठलाही रंग छानच दिसतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एशियन पेंट्स, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स, कोणाचंही घ्या, साधं इमल्शन (भिंतींचा, पाण्यात मिसळायचा रंग), मधलं इमल्शन आणि वरचं महागडं धुता येणारं अशा पायऱ्या सगळ्यांकडे आहेत. एकाच पायरीवर एकमेकांत उन्नीस-बीसचा फरक. फरक पडतो तो फिनिशमध्ये, म्हणजे वाळल्यावर रंग किती चमकतो त्यात: मॅट (बिनचमकीचा), सॉफ्ट शीन (हलकी चमक) की शीन (जास्त चमक), आणि दुकानात नेमकं त्याबद्दलच कोणी धड बोलत नाही. शेडकार्डावर मात्र आमचे रविवारच्या रविवार गेले.

हॉलपासून सुरुवात करते. आमचे रंगारीकाका कामाच्या आधीच म्हणाले होते, "ताई, हॉलला चमक नका घेऊ, भिंत सरळ नाहीये." दुकानदार म्हणाला, शीन घ्या, पुसायला सोपं. नवऱ्याला दुकानदाराचं पटलं. सकाळी भिंत झकास दिसते. संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आलं, की जुन्या गिलाव्याचा एकेक उंचवटा, पुट्टीची पत्री जिथे थांबली ती रेघ, इलेक्ट्रिशियननं वायर टाकायला खोदून परत बुजवलेला पट्टा, सगळं उठून दिसतं. टीव्हीच्या वर एक लाटच आहे. ती पूर्वीही असणारच, पण डिस्टेंपरच्या (जुन्या, बिनचमकीच्या साध्या रंगाच्या) काळात कोणाला दिसली नव्हती.

कारण सोपं आहे. रंगात धरून ठेवणारी राळ असते आणि भरणीची पूड असते. पूड जास्त असली की वाळल्यावर पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत राहतो, उजेड चहूकडे विखुरतो आणि भिंतीचे दोष झाकले जातात. तो मॅट. राळ जास्त असली की वरचा थर गुळगुळीत होतो, उजेड एकाच दिशेनं परततो, म्हणून चमकही येते आणि बारीकसारीक खड्डाही दिसतो. पण त्याच राळेमुळे डाग आत मुरत नाही. थोडक्यात, झाकायचं की पुसायचं, यातलं एक निवडावं लागतं. महागड्या मॅटमध्ये दोन्ही थोडंफार जमतं, पण पूर्ण नाही, आणि दुकानात ते 'पूर्ण' म्हणून विकलं जातं.

पॅसेजमध्ये याच्या उलट झालं. तिथे साधा मॅट आहे आणि भिंत अगदी मऊ, मखमली दिसायची. आता स्विचबोर्डाभोवती आणि मुलांच्या खांद्याच्या उंचीवर करडा पट्टा उमटलाय. साबणाच्या पाण्यानं पुसलं. डाग गेला, पण घासलेल्या जागी भिंत चकाकायला लागली. बाजूनं बघितलं की हाताच्या फेऱ्या मोजता येतील अशी. मॅट घासला की त्याचा खरखरीतपणा घोटला जातो, त्यामुळे हे होतं आणि ते परत जात नाही. पॅसेजला, मुलांच्या खोलीला आणि जेवणाच्या टेबलामागे सॉफ्ट शीनच घ्या, असं आता मी कोणालाही छातीठोकपणे सांगते. मुलांच्या खोलीत आम्ही तोच घेतलाय. मेणाचे खडू आणि पेन्सिल ओल्या स्पंजनं जातात. बॉलपेन जात नाही, कुठल्याही जाहिरातीत काहीही दाखवोत. आणि एक, रंग वरून तासाभरात वाळला तरी आतून पक्का व्हायला महिनाभर लागतो, तोवर भिंत धुवायला काढू नका.

बेडरूममध्ये पलंगामागची एक भिंत गडद मोरपंखी केली, मॅटमध्ये. फोटोत ही भिंत घरातली सगळ्यात देखणी. प्रत्यक्षात तिच्यावर नख लागलं, हँगर घासला, चादर झटकताना बांगडी टेकली, की पांढरट रेघ. हलक्या रंगावर हीच रेघ दिसतसुद्धा नाही. शिवाय सासूबाई दुपारी टेकून पेपर वाचतात तिथे खोबरेल तेलाचा गोल डाग पडलाय. तो मॅटमध्ये पुरता मुरला. आता तिथे लाकडी हेडबोर्ड येणार आहे. गडद शेडचं आणखी एक म्हणजे त्या वेगळ्या बेसमध्ये (शेडचे रंग मिसळायच्या आधीचा मूळ रंग) बनतात, त्यात पांढरं रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे खालचं झाकायला रंगाचे दोन हात (थर) पुरत नाहीत. आमच्याकडे तिसरा मारावा लागला आणि मजुरीवरून थोडी बाचाबाचीही झाली. गडद भिंत करायची असेल तर हातांची संख्या आधीच बोलून घ्या.

स्वयंपाकघरात टाइल्सच्या वरच्या पट्ट्याला आणि देवघराच्या कोपऱ्याला शीन दिला. या दोन्ही जागांबद्दल काही तक्रार नाही. फोडणीचा तेलकट थर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून निघतो. निरंजनाची काजळी आधी कोरड्या फडक्यानं झटकायची आणि मगच ओलं लावायचं. पहिल्यांदाच ओलं लावलं तर ती पसरते.

आता शेडबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. शेडकार्डावरचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. चार भिंतींवर तोच रंग गेला की भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि तो कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. सॅम्पलचा छोटा डबा आणून मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन हात मारा आणि तो कागद खोलीभर फिरवा: खिडकीजवळ, खिडकीच्या भिंतीवर, कपाटाशेजारी. भिंतीवरच पट्टा मारला तर जुन्या रंगाच्या शेजारी तो खोटा दिसतो. आमच्या समोरच्या बिल्डिंगला भगवट नारिंगी रंग आहे, त्याची झाक दुपारी आमच्या दुसऱ्या बेडरूममध्ये उतरते. तिथे निवडलेला निळसर राखाडी त्या वेळी चक्क मळका दिसतो. सकाळी तोच सुंदर. पावसाळ्यात, दिवसभर ढगाळ असताना, तो उदास वाटला.

एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो, शेड किती उजेड परत देते तो. काळ्याचा शून्य, शुभ्र पांढऱ्याचा शंभर धरला तर आमचा हॉलचा ऑफव्हाइट सत्तरच्या वर आहे आणि हा राखाडी पन्नासच्या आसपास. बऱ्याच कंपन्या तो शेडबरोबर देतात. एकाच खिडकीच्या खोलीत साठच्या खाली जाऊ नये, हे माझं मत.

आणि रंग निवडायच्या आधी दिवे ठरवा! हॉलमध्ये ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या होत्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा). त्यांच्याखाली आमचा पिवळसर ऑफव्हाइट रात्री हिरवट, दवाखान्यातल्यासारखा दिसायचा. आम्ही ४००० केल्विनच्या लावल्या आणि रंग जागेवर आला. दोन पट्ट्यांचा खर्च झाला, पुन्हा रंगवायला लागलं नाही.

हिशेबाचं सांगते, कारण आम्हाला दुकानात जवळपास दुप्पट माल सांगितला होता. १० बाय १२ची खोली, उंची ९ फूट: चार भिंती मिळून ३९६ चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण १२० ते १४० चौरस फूट जातो. म्हणजे दारं-खिडक्या वजा न करताही तीन-सव्वातीन लिटर. छत वेगळं, ते साध्या पांढऱ्या मॅटमध्ये. एका खोलीची शेड एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या आणि झाकणावरच्या टिंटिंगच्या (शेड कशी मिसळली त्याच्या) स्टिकरचा फोटो काढून ठेवा. अर्धा लिटर घट्ट झाकून जपून ठेवा. तो गणपतीनंतर कामाला येतो. मखराच्या मागे दुहेरी चिकटपट्टी लावली होती, ती ओढताना रंगाबरोबर खालची पुट्टीही निघाली. मॅटच्या पॅसेजमध्ये दुरुस्ती केली ती शोधूनही सापडत नाही. हॉलच्या शीनवर त्याच डब्यातला, त्याच रोलरनं लावलेला ठिगळ लांबून ओळखू येतो. शीन दुरुस्त करायचा तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारावी लागते.

दारांना आम्ही नेहमीचा पांढरा ऑइलपेंट दिला. वास आठवडाभर डोक्यात राहिला, भिंतींच्या इमल्शनचा दोन दिवसांत गेला होता. आता कपाटांची दारं आतून पिवळी पडायला लागली आहेत आणि बाहेरून पांढरीच आहेत. ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो, उजेडात कमी. पाण्यात मिसळायचा इनॅमल मिळतो, थोडा महाग, पण तो असा पिवळा पडत नाही. पांढरी दारं हवी असतील तर तोच घ्यावा. जुन्या दारांवरचा रंग काढायचा असेल तर आणखी एक काळजी घ्या. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम २०१६चा आणि लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत किती असेल कोण जाणे. आम्ही पॉलिशपेपर ओला करूनच घासायला लावला आणि त्या दोन दिवसांसाठी मुलांना मावशीकडे पाठवलं.

शेवटी पश्चिमेची भिंत. तिच्यावरही महागातलं इमल्शन, खाली ओल रोखणारा म्हणून विकलेला प्राइमर. जुलैच्या मध्यावर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात फुगे आले, मग पोपडे आणि पांढरी भुकटी. ओल बाहेरून येत होती. बाहेरच्या गिलाव्याला तडा आहे, पाणी भिंतीतून आत येताना क्षार घेऊन येतं आणि आतला रंग ढकलून देतं. आतून कितीही भारी डबा ओतला तरी हे थांबत नाही. उलट चमकदार रंगाच्या थरामागे पाणी अडून फुगा मोठा होतो. सोसायटीकडे दोन वर्षं अर्ज पडून होता, आता कुठे बाहेरचं काम मंजूर झालंय. रंगारीकाकांनी सैल झालेलं सगळं खरवडून भिंत उघडी ठेवायला सांगितली आहे. बाहेरचं काम होऊन भिंत पूर्ण सुकेपर्यंत पुट्टीही लावायची नाही, आणि नंतर लावायचा तो साधा मॅट. तोवर त्या कोपऱ्यातलं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलंय, मागे हवा खेळती राहावी म्हणून.