एमजीबीच्या काचांची बीडिंग बदलली, त्याला आठ महिने झाले

एप्रिलमध्ये मी माझ्या १९७२च्या एमजीबी रोडस्टरच्या, म्हणजे कापडी छपराच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, दोन्ही दारांची रबरं बदलली. तेव्हाच लिहिलं असतं तर कौतुकाचा वर्षाव केला असता. जूनमध्ये लिहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. आता डिसेंबर आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सगळा पाऊस गाडीने अंगावर घेतलाय, म्हणून आता लिहिते.

मी राहते इंग्लंडमध्ये, डिडकॉटला. ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून दहा-बारा किलोमीटरवर. कारखाना १९८०मध्येच बंद झाला, पण १९६२पासूनच्या अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यामुळे सुट्या भागांची चणचण अजिबात नाही. विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे तर अख्खी नवी बॉडी मिळते. चाळीस वर्षांच्या पुढची गाडी म्हणून रस्त्याचा कर नाही, वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे गाडी पाळायला सोपी. फक्त ती गळते.

आणि कुठून गळते हे ठरवणं हाच यातला सगळा खेळ आहे. माझ्या उजव्या गुडघ्यावर थेंब पडायचे, आणि पावसात रात्रभर उभी राहिली की चालकाच्या पायाखालचा गालिचा पिळून काढावा लागायचा. काचेच्या बाहेरच्या अंगाला कमरेची जी रबरी पट्टी असते, आपल्याकडे गॅरेजमध्ये जिला बीडिंग म्हणतात, ती वाळून फुटाण्यासारखी कडक झाली होती. काच खाली घेतली की खर्रर्र आवाज, आणि काचेवर उभे ओरखडे. मी हिशेब मांडला: बीडिंग गेली, पाणी आलं. सरळ आहे की नाही? नव्हतं.

सामान मागवलं ते असं: दोन्ही दारांच्या बाहेरच्या आणि आतल्या पट्ट्या, काच ज्यात सरकते ती फेल्टची चॅनेल, पुढच्या तिकोनी काचेची, म्हणजे क्वार्टरलाइटची, रबरं आणि दाराच्या चौकटीभोवतीचं जाड सील. सगळं मिळून दीडशे पौंडांच्या आत. यातल्या बाहेरच्या पट्ट्या मी आधी स्वस्तातल्या घेतल्या, एका ऑनलाइन दुकानातून. पिशवी उघडली तेव्हाच शंका आली होती. रबर बोटांनी वाकवलं तर वाकायला तयार नाही, आणि ओठ, म्हणजे काचेला टेकणारी पातळ कड, जुन्या पट्टीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड. तरीही बसवल्या. नवीन आहे, वापरून मऊ होईल, अशी मनाची समजूत घातली. रबर वापरून मऊ होत नाही हो. कडकच होतं.

पहिला शनिवार वाया गेला तो माझ्या आळसामुळे. बाहेरची पट्टी स्टीलच्या छोट्या स्प्रिंग क्लिपांनी दाराच्या पत्र्याच्या काठाला अडकवलेली असते. काच न काढता, नुसती तळाशी नेऊन, वरच्या फटीतून त्या क्लिपा बसवता येतात असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. येत असतील एखाद्याला. माझ्या हातून दोन क्लिपा दाराच्या पोटात पडल्या. त्यातली एक लगेच सापडली. दुसरी पुढचे कित्येक दिवस प्रत्येक वळणावर खुळखुळत होती.

मे महिन्यात बाबा पुण्याहून आले. चिंचवडला टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना सुट्टी म्हणजे काय ते माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये आले, दार उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं, मग मांडी घालून दारापाशी बसले आणि खालची कड बोटाने चाचपली.

"अगं, पाणी दारात जाणारच. ते बाहेर कुठून जातं ते बघ आधी."

दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात हे मला पुस्तकी माहीत होतं. बाबांनी झाडूची काडी मागितली. या घरात झाडू नाही, व्हॅक्यूम आहे. शेवटी सायकलच्या जुन्या चाकाचा एक आरा तोडून दिला. पहिल्या भोकात तो जेमतेम घुसला, बाबांनी दोनदा फिरवला आणि चहाच्या गाळासारखा तपकिरी चिखल भसकन बाहेर आला. त्यामागून चक्क अर्धा पेला पाणी. डाव्या दाराचंही तेच. नवी पट्टी बसवून मी खूश होते आणि आत दाराचा पत्रा खालून भिजत पडला होता.

हे मला आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते. कमरेची बीडिंग पाणी अडवायला नसतेच. काच खाली-वर होते म्हणजे फट राहणारच, आणि त्या फटीतून थोडं पाणी आत उतरणारच. पट्टीचं काम काच पुसून घेण्याचं, जास्तीचं पाणी आणि कचरा बाहेर ठेवण्याचं. उरलेलं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर जातं. दाराच्या आतल्या पॅडमागे जो प्लॅस्टिकचा पडदा लावतात तो याचसाठी, की पाणी पॅडकडे न येता खालीच जावं. माझ्या गाडीत तो पडदा कुणीतरी कधीच फाडून टाकला होता.

मग दोघांनी दार नीट उघडलं. काच चढवायचं हँडल काढलं, दार ओढायची मूठ काढली, पॅड सोडवलं, क्वार्टरलाइटची चौकट सैल केली, रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी दातेरी यंत्रणा, मोकळा करून काच बाहेर. क्लिपा ओढून बसवायला बाबांनी तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक ग्राइंडरवर घासून एक आकडा बनवला. काच नसताना त्या आकड्याने एका दाराच्या क्लिपा बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. माझा अख्खा शनिवार आठवून मी गप्प बसले. हरवलेली क्लिप तळाशी चिखलात रुतलेली सापडली. दार बंद करण्याआधी आतून मेणाचा फवारा मारला, मात्र भोकं पुन्हा बुजणार नाहीत हे बघून.

स्वस्तातल्या पट्ट्या तेव्हाच काढून फेकल्या. त्या जाड ओठामुळे काच इतकी जड चालायची की हँडल फिरवताना मनगट दुखायचं, आणि रेग्युलेटरच्या दातांवर येणारा ताण वेगळाच. दुसऱ्या दुकानातून ईपीडीएमच्या, म्हणजे एका कृत्रिम रबराच्या, आणल्या, किंमत जवळपास दुप्पट, पण ओठ पातळ आणि लवचिक. कापताना एक धडा मिळाला. पहिली पट्टी मी ताणून, मापात अगदी चोख कापली. आठवड्याने टोकाशी चार-पाच मिलिमीटरची फट. दुसरी मुद्दाम थोडी लांब ठेवून दाबून बसवली, ती आजही जागेवर आहे.

बसवताना साबणाचं पाणी वापरलं. हात सवयीने तेलाच्या डब्याकडे जातो, पण ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. कायमचं वंगण हवं तर सिलिकोन. नोव्हेंबरात पहिलं दहिवर गोठलं तेव्हा हे वसूल झालं. शेजाऱ्यांच्या गाडीची काच रबराला चिकटून बसली होती, माझी सरसर खाली आली.

क्वार्टरलाइटची रबरं हा यातला सगळ्यात छळवादी भाग. तिकोनी चौकट, तिला कोपरे, आणि नवं रबर कोपऱ्यात बसायला नकार देतं. गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवलं, मग ऐकलं. पुण्याला बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, तिलाही पुढे अशीच छोटी काच होती, आणि पावसाळ्यात त्या काचेच्या कोपऱ्यात फडक्याची बोळी कोंबलेली असायची. ते आठवून दोघंही हसलो. बाबा म्हणाले, "तेव्हा तुझी आई म्हणायची, गाडीत बसायचं तर छत्री आतही उघडा."

काच परत बसवल्यावर ती सीलला सगळीकडे सारखी टेकते का, हे बघायची बाबांची पद्धत मला फार आवडली. काच आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायची, काच चढवायची आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखा अडकाव जाणवला पाहिजे. मी पर्समधली पाच पौंडांची नोट दिली. ती प्लॅस्टिकची, जिथे तिथे सुळकन निसटते. बाबांनी पाकिटातून दहा रुपयांची नोट काढली, दुमडली आणि इंचाइंचाने काचेची कड तपासली. मागच्या वरच्या कोपऱ्यात नोट अलगद बाहेर आली. तिथे काच हुडला, म्हणजे कापडी छपराला, नीट टेकतच नव्हती. क्वार्टरलाइटची चौकट किंचित मागे झुकवली, दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा नोट अडकली. माझ्या गुडघ्यावरचा थेंब त्या दिवसापासून बंद आहे. म्हणजे थेंबाचं कारण रबर कमी आणि काचेचा कोन जास्त होता.

आता जूनमधल्या शिव्यांचं. एवढं सगळं करून, बाबा परत गेल्यावर दोन दिवस पाऊस लागला आणि गालिचा पुन्हा ओला. मी रडायच्या बेतात होते. दाराचं पॅड कोरडं, पडदा कोरडा, आणि पाणी आलं होतं वरून, डॅशबोर्डच्या मागून. विंडस्क्रीनच्या पुढे हीटरची हवा आत घ्यायची जाळी असते, तिच्यात पडणारं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली जातं. ती नळी कुजक्या पानांनी तुंबली होती. वायरने ढोसली, बदाबद पाणी वाहिलं, गालिचा वाळला. या नळीचा खर्च शून्य. दीडशे पौंडांआधी मी ती तपासायला हवी होती.

आठ महिन्यांनंतर परिस्थिती अशी. बाहेरच्या पट्ट्या उत्तम. काच पुसून निघते, नवे ओरखडे नाहीत. चॅनेलमुळे काच दारात खडखडत नाही, आणि बारीक रस्त्यांवर हा फरक सगळ्यात आधी कळतो. दाराच्या चौकटीच्या सीलने मात्र सुरुवातीला फार त्रास दिला. नवं सील इतकं जाड की दार आपटल्याशिवाय लागेना, स्ट्रायकर, म्हणजे दाराचं कुलूप चौकटीत ज्याला अडकतं तो भाग, थोडा बाहेर सरकवावा लागला. दीड महिन्याने सील दबलं तेव्हा तो पुन्हा आत घेतला. क्वार्टरलाइटच्या एका खालच्या कोपऱ्यात रबर किंचित उचललं गेलंय, पाणी येत नाही पण नजरेला खुपतं. वसंतात बघेन. मोटरवेवर वाऱ्याचा आवाज कमी झाला का? झाला, पण कापडी हुडच्या गाडीत ताशी साठ मैलांवर बोलायचं तर ओरडावंच लागतं, पूर्वी जरा जास्त ओरडावं लागायचं.

ज्यांना हे करायचंय त्यांना इतकंच, की आधी सायकलचा आरा आणि वायर घ्या, भोकं आणि हीटरची नळी मोकळी करा, आणि एका पावसाची वाट बघा. मग सामान मागवा. आणि बाहेरच्या पट्टीसाठी काच काढा, कुणी काहीही सांगो.

दहा रुपयांची ती नोट बाबा परत न्यायला विसरले. ती मी ग्लव्ह बॉक्समध्ये हॅक्सॉच्या आकड्यासोबत ठेवली आहे, दर दोन महिन्यांनी काचेच्या कडेवरून फिरवते. मागच्या रविवारी फिरवली, डाव्या दाराचा मागचा कोपरा थोडा सैल वाटला.