फ्रेजल व्हर्बसाठी लाँगमन, सारख्या दिसणाऱ्या शब्दांसाठी ऑक्सफर्ड

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असे छोटे शब्द जोडून होणाऱ्या शब्दगटांच्या, लांबलचक याद्या असतात. डावीकडे 'पुट ऑफ', उजवीकडे 'पुढे ढकलणे'. यादी पाठ होते, चार पर्यायांतून उत्तरही निवडता येतं, पण स्वतः ईमेल लिहायला बसलं की अडायला होतं. कारण यादी फक्त अर्थ देते. कर्म कुठे बसवायचं, ते माणूस असतं की वस्तू, पुढे दुसरं क्रियापद आलं तर कोणत्या रूपात, यातलं काहीच ती सांगत नाही. हे सगळं इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांत असतं. त्यातले दोन नावाजलेले कोश वेबसाइटवर फुकट बघता येतात: लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश आणि ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी.

फ्रेजल व्हर्बसाठी आधी लाँगमन उघडा. 1978 साली पहिल्यांदा निघालेल्या या कोशाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यातल्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलालाही थोड्या सवयीने त्या कळतात. शोधताना नुसतं 'पुट' टाइप करू नका, पान संपता संपत नाही. 'पुट ऑफ' पूर्ण लिहा. 'पुट अप विथ' हवं असेल तर तिन्ही शब्द लिहा, कारण 'पुट अप' वेगळं आणि 'पुट अप विथ', म्हणजे सहन करणं, वेगळं.

आता नोंद वाचायची कशी ते पाहू. 'पुट समथिंग ऑफ' या नोंदीत 'समथिंग' आणि 'ऑफ' यांच्या मध्ये दोन्ही टोकांचा एक बाण दिसतो. अख्ख्या नोंदीत सगळ्यात कामाची खूण हीच, आणि बहुतेक जण तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. बाण असला की कर्म मध्येही चालतं आणि शेवटीही: 'पुट द मीटिंग ऑफ' किंवा 'पुट ऑफ द मीटिंग'. मात्र कर्माच्या जागी सर्वनाम आलं की ते मध्येच हवं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूकच. 'लूक अप', म्हणजे कोशात शोधणं, यालाही बाण आहे, म्हणून 'लूक इट अप'. 'लूक आफ्टर'ला बाण नाही, म्हणून कर्म नेहमी शेवटी: 'लूक आफ्टर हर'.

त्याच पानावर खाली गेलात की 'समथिंग'च्या जागी 'समबडी' येतं आणि अर्थ पार बदलतो. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासाने माझी इच्छाच गेली, मन उडालं. 'पुढे ढकलणे' एवढंच पाठ असलेला विद्यार्थी उताऱ्यातल्या अशा वाक्यावर हमखास अडखळतो. काम लांबणीवर टाकायचं तर 'पुट ऑफ डूइंग' असं रूप दिलेलं आहे. 'पुट ऑफ टू डू' होत नाही. याच्या शेजारी 'कॉल ऑफ'ही बघून घ्या. 'पुट ऑफ'मध्ये मीटिंग नंतर होते, 'कॉल ऑफ'मध्ये ती रद्दच होते.

मराठीतून विचार करताना होणाऱ्या चुकाही या कोशात सापडतात. आपण 'विषयी चर्चा करतो', म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहून जातो. लाँगमन तिथे स्पष्ट बजावतो की असं म्हणू नका, 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं. 'आय लूक फॉरवर्ड टू मीट यू' हे तर ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास दिसतं. नोंदीत 'टू'पुढे 'डूइंग' दिलंय, म्हणजे 'टू मीटिंग यू' हवं. हा 'टू' 'टू गो'मधला नव्हे, 'टू मुंबई'मधला आहे.

लाँगमनच्या पानांवर तळाशी कॉर्पसमधून, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहातून, उचललेली वाक्यं असतात, ती सुरुवातीला सोडून द्या. मागचापुढचा संदर्भ नसल्याने त्यांतली काही गोंधळ वाढवतात. अर्थाखाली दिलेली उदाहरणं मात्र मोठ्याने वाचावीत अशी आहेत.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्यांसाठी ऑक्सफर्ड जास्त सोयीचा. 'विच वर्ड' नावाच्या चौकटीत दोन शब्द समोरासमोर ठेवून फरक सांगितलेला असतो. 'ए'ने सुरू होणारा 'अफेक्ट' बहुतेक वेळा क्रियापद, 'ई'ने सुरू होणारा 'इफेक्ट' बहुतेक वेळा नाम. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चात भागणारा. सरकारच्या धोरणाला 'इकॉनॉमिकल पॉलिसी' म्हटलं तर अर्थ काटकसरीकडे जातो.

'राइज' आणि 'रेझ' यांच्यासाठी मात्र मराठी माणसाला चौकटीची गरज पडू नये. किंमत वाढली तिथे 'राइज', दुकानदाराने किंमत वाढवली तिथे 'रेझ'. अकर्मक-सकर्मक हा भेद आपल्या जिभेवर आधीच आहे. 'लाय' आणि 'ले' यांचं तितकं सोपं नाही. 'लाय', म्हणजे आडवं होणं, याचा भूतकाळच 'ले' होतो. 'ले', म्हणजे ठेवणं, याचा भूतकाळ 'लेड'. इथे दोन्ही शब्दांची तिन्ही रूपं कोशातून वहीत उतरवून घ्या, दुसरा उपाय नाही.

दोन्ही कोश एका ठिकाणी तोकडे पडतात: स्पेलिंग माहीत नसेल तर शोधायचं काय? 'कॉम्प्लिमेंट' ऐकून ते मधल्या 'आय'चं, म्हणजे प्रशंसा, की 'ई'चं, म्हणजे पूरक गोष्ट, हे कानाला कळत नाही. दोन्ही पानं उघडूनच बघावी लागतात. 'लूज'ची गोष्ट निराळी. मराठीत आपण सैल आणि गमावणं या दोन्हींसाठी 'लूज'च लिहितो, पण स्पीकरची खूण दाबून ऐका: दोन 'ओ'वाल्या शब्दाच्या शेवटी 'स' ऐकू येतो, एका 'ओ'वाल्याच्या शेवटी 'झ'.

मराठी अर्थ यांपैकी एकाही कोशात नाही. म्हणून वहीत तीन रकाने करा: नोंदीतलं रूप 'समबडी', 'समथिंग' आणि बाणासकट, कोशातलं एक उदाहरण, आणि सर्वनाम घालून स्वतः केलेलं एक वाक्य. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर या तिन्हींनंतर, पेन्सिलने.