लहान मुलांच्या हातात पहिली रायफल कोणती द्यावी? ज्युनियर एअर रायफल वापरल्यानंतरचा अनुभव

पॅरिस २०२४मध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं तेव्हापासून आमच्या नेमबाजीच्या रेंजवर मुलाला घेऊन येणारे पालक थेट 'पॉइंट टू-टू'बद्दलच, म्हणजे .२२ इंची काडतुसाच्या रायफलीबद्दलच विचारतात. साहजिकच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) भारताला पहिलं ऑलिंपिक पदक आणून देतो, तेही .२२ रायफलवर. त्याआधी २०१०मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला .२२वरच जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी पहिली रायफल म्हणून मी .२२ सुचवत नाही. माझं उत्तर आहे ४.५ मिलिमीटरची, म्हणजे .१७७ इंची, हवेच्या दाबावर छर्रा मारणारी एअर रायफल. त्यातही हवेच्या सिलिंडरवर चालणारी, कमी वजनाची ज्युनियर रायफल.

अशी एक रायफल आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. आता उन्हाळी सुट्टीची बॅच सुरू होते आहे. मधल्या काळात ती रोज कुणा ना कुणाच्या हातात होती, त्यामुळे लिहिण्याइतकं हाताशी आलं आहे. मॉडेलचं नाव देत नाही. फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, आन्शुट्झ यांच्या ज्युनियर आणि क्लब रायफलींची मूळ कल्पना बरीचशी सारखी आहे. शिकवणाऱ्याला कंपनीपेक्षा प्रकार ठरवणं जास्त गरजेचं असतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ड्राय फायरमुळे. या रायफलीत एक खटका असतो. तो फिरवला की पेलेट (छर्रा) नाही, हवा सुटत नाही, पण ट्रिगर अगदी खऱ्यासारखा सुटतो. नवशिक्याची निम्मी तालीम मी आता अशीच घेते. आधी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, मग टार्गेटवर. ट्रिगर सुटताना नळीच्या टोकावरची नेम धरायची रिंग कुठे गेली हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, कारण त्या क्षणी ना आवाज असतो ना धक्का. सिलिंडरऐवजी आतल्या स्प्रिंगनं पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या रायफलीवर हे करता येत नाही. पेलेट न घालता ती चालवली तर पिस्टन पुढे जाऊन आपटतो, सील खराब होतं आणि स्प्रिंगही लवकर जाते. म्हणजे ज्या सरावानं मूल सगळ्यात लवकर शिकतं, नेमका तोच तिथे बंद.

स्प्रिंगचा धक्काही विचित्र. पिस्टन सुटतो तेव्हा रायफल आधी मागे येते आणि पिस्टन थांबला की पुढे हिसका देते, आणि हे सगळं पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत घडतं. मोठा माणूस पकड सारखी ठेवून ते सांभाळतो. दहा वर्षांची मुलगी ते सांभाळायला रायफल आवळून धरते, खांदा वर उचलते, आणि ती सवय पुढे काढून टाकता टाकता नाकी नऊ येतात. शिवाय दर शॉटला नळी मधून वाकवून कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून बसवायला लागणारं बळ लहान मुलांकडे नसतं. मग प्रत्येक वेळी कोचनं कॉक करून द्यायची, त्यात मुलाची लय जाते ती जातेच.

तरी आमच्याकडच्या देशी बनावटीच्या ओपन साइट (मागची खाच आणि पुढचं टोक जुळवून नेम धरायच्या) स्प्रिंगच्या रायफली आम्ही काढून टाकलेल्या नाहीत. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतो आणि कमी खर्चात मुलाला खेळ आवडतो का हे त्यातून कळतं. थोड्या मोठ्या मुलांना त्या चालतात.

आता वजन. नियमानुसार १० मीटरची एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते आणि मोठ्यांच्या मॅच रायफली साडेचार-पाच किलोच्या घरात असतात. तीस किलोच्या मुलाला ती दिली की ते कंबर मागे टाकून, पाठीची कमान करून उभं राहतं. वाढत्या मणक्याला हे बरं नाही. आमची ज्युनियर रायफल हातात घेताक्षणी मुलं सरळ उभी राहायला लागली. उभ्या पोझिशनमध्ये डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकला पाहिजे, म्हणजे भार हाड पेलतं, स्नायू नाही. लहान मुलांचा हात तिथपर्यंत पोचला तर रायफल डोळ्याच्या खाली राहते. त्यासाठी पुढच्या बाजूला स्टॉकखाली (नळी जिच्यावर बसते त्या बैठकीखाली) उंची वाढवणारा ठोकळा हवाच. घेताना तो मिळतो का, आणि किती खालीवर होतो, हे विचारा. पुष्कळ जण हे विचारतच नाहीत.

एकच रायफल आणि मुलं अनेक, ही आपल्याकडची खरी परिस्थिती. त्यामुळे बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) बदलायला किती वेळ लागतो यावर तालमीचं सगळं गणित अवलंबून असतं. आमच्या रायफलीवर दोन्हीकडे आकडे कोरलेले आहेत. प्रत्येक मुलाचे आकडे वहीत आहेत, आणि मुलं स्वतःच आपापलं सेटिंग लावून घेतात. एका मुलाची बट प्लेट दिवाळीनंतर दोनदा मागे सरकवावी लागली, इतका तो वाढला. न वाढणारा लाकडी स्टॉक असता तर त्याची मान पुढे झुकली असती आणि आम्ही त्याला 'मान सरळ ठेव' म्हणत बसलो असतो.

पीप साइटनं शिकवणं सोपं जातं. मागच्या बारीक भोकातून पुढची रिंग, रिंगच्या मधोमध काळा गोल. एवढंच बघायचं. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तो ठिपका दहा मीटरवरून दिसतच नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं. सुरुवातीला मी पुढे मोठी रिंग लावते. लहान रिंगमध्ये काळ्याभोवती पांढरी कड कमी राहते, प्रत्येक हालचाल मोठी वाटते आणि मूल 'आता, आता' करत ट्रिगर झटकतं.

आता त्रासाचं. हवा कुठून आणायची? सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायचा असतो. पाणबुडे वापरतात तसली ३०० बारची मोठी टाकी असेल तर काम मिनिटाभराचं, पण ती भरून आणायला शहर गाठावं लागतं. हातपंपानं भरता येतं, त्याला दम लागतो आणि ते मुलांचं काम नाही. पावसाळ्यात हातपंप वापरताना ओलावा धरणारा फिल्टर लावाच, कारण आपल्या हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. ऑगस्टमध्ये एका ओ-रिंगमधून (सांध्यातल्या रबरी कड्यातून) हवा गळायला लागली, आणि विक्रेत्याकडून ती क्षुल्लक वस्तू यायला महिना गेला. तेव्हापासून ओ-रिंगचा जादा संच कपाटात असतो. जुनी रायफल घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. या सिलिंडरांचं आयुष्य दहा वर्षं धरलेलं असतं आणि मुदत संपलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेत चालत नाही. स्वस्तातली रायफल तिथेच महाग पडते.

अंगानं भरलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ही रायफल हलकी पडते, धरलेला नेम थरथरतो. नळीपाशी वजनं लावून काही महिने निभतात, पुढे मोठी रायफलच हवी.

कायद्याचं थोडक्यात. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. मॅच रायफलची ताकद साधारण साडेसात ज्यूल. पण तेवढ्यानं डोळा जाऊ शकतो, म्हणून नळी रिकामी असल्याचं दाखवणारा, नळीतून आरपार जाणारा रंगीत सेफ्टी फ्लॅग, कुलूपबंद कपाट आणि शेजारी मोठं माणूस यांत सूट नाही. पेलेट शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. .२२ मात्र अग्निशस्त्र आहे: परवाना, काडतुसांचा हिशेब, ५० मीटरची रेंज, आणि कानठळ्या बसवणारा नसला तरी नवशिक्याला डोळे मिटायला लावणारा आवाज. एअर रायफलवर ज्यांचा ट्रिगर स्थिरावला आहे अशी मुलं मी पुढे परवानाधारक क्लबमध्ये पाठवते.

नेमबाजीची भूक असलेल्या पालकांना आणि शाळांना माझं सांगणं एवढंच आहे की किटचे पैसे आधी जॅकेट, बूट, टेलिस्कोप यांवर घालवू नका. एक चांगली ज्युनियर रायफल चार-पाच मुलांत वाटून वापरता येते. आम्ही आता दुसरीसाठी पैसे जमवतो आहोत. या वेळी दोन्ही हातांना चालणारा स्टॉक बघणार, कारण सध्याच्या बॅचमधल्या दोन मुलींचा नेम धरणारा डोळा डावा आहे आणि उजव्या हाताच्या चीकपीसवर त्यांची मान वाकडी होते.