पुण्यात विमान बदलताना मधे सहा-सात तास आहेत: आगाखान पॅलेसला जावं की पेठांत?

माझा भाचा नागपूरला असतो. पुण्यात उतरून पुढचं विमान पकडायचं असलं की आदल्या रात्री त्याचा फोन ठरलेला, "मामा, मधे सात तास आहेत, काय करू?" मी विमाननगरात राहतो, म्हणून ओळखीतले बरेच जण हेच विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी मी विचारतो, सामान कुठे आहे? दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बॅग बहुधा परस्पर पुढे जाते. निघतानाच काउंटरवर विचारून घ्या आणि चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव आहे ना ते बघा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग पुण्यात पट्ट्यावरून उचलावी लागते आणि मग ती दिवसभर तुमच्यासोबत. चाकांची मोठी बॅग घेऊन तुळशीबागेच्या बाजारात शिरणं म्हणजे स्वतःलाही त्रास आणि लोकांनाही.

दुसरा हिशेब वेळेचा. सात तास म्हणजे फिरायला सात तास नव्हेत. समजा सकाळी ११ला उतरलात आणि पुढचं विमान संध्याकाळी ६चं आहे. बाहेर पडेपर्यंत पाऊण तास जातो. परत चारपर्यंत विमानतळावर हवं, कारण बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या तासभर आधी सामान घेणं बंद करतात आणि त्याआधी दारातली आणि सुरक्षेची रांग असते. उरले सव्वाचार तास, त्यातूनच जायचा-यायचा प्रवास.

आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर आहे, विमानतळापासून पाच-सहा किलोमीटर. टर्मिनलसमोरच्या एरोमॉलमधून कॅब मिळते. सामान सोबत असेल किंवा मधे पाचच तास असतील तर दुसरा विचार करू नका, इथेच या. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी १८९२मध्ये हा वाडा बांधला. उंच कमानी, रुंद व्हरांडे, जुनी झाडं. पण मी लोकांना इथे पाठवतो ते मागच्या बाजूच्या समाध्यांसाठी. ९ ऑगस्ट १९४२ला 'चले जाव'च्या धरपकडीत गांधीजींना इथे आणून स्थानबद्ध केलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सोबत होते. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, ते इथेच गेले. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ला, गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. समोर उभं राहून महादेवभाईंची तारीख वाचली की पाचच वर्षांनी याच तारखेला काय होणार होतं ते आठवतं, आणि माझा तरी पाय लवकर निघत नाही. शाळेच्या सहली नसतील तर दुपारी तिथे पाखरांचाच आवाज असतो. विमानातून उतरलेल्या माणसाला ही शांतता फार बरी वाटते. दीड तासात सगळं नीट बघून होतं. साडेपाचला बंद होतं, एवढं लक्षात ठेवा.

पेठांचं, म्हणजे जुन्या पुण्याचं, वेगळं. हात मोकळे असतील आणि सात तास किंवा जास्त असतील, तर मी पेठांच्या बाजूने आहे. पूर्वी मी हे कुणाला सांगत नसे. कारण एकच, नगर रस्ता. एकदा मावशीला हौसेने शनिवारवाडा दाखवायला नेलं. येताना गुंजन चौकात रिक्षा अशी अडकली की विमानतळावर पोचलो तेव्हा सामानाचा काउंटर बंद झालेला. पुढचं तिकीट नव्याने काढावं लागलं. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

२०२४मध्ये मेट्रो विमानतळाजवळच्या रामवाडीपर्यंत आली, सिव्हिल कोर्ट (आता 'जिल्हा न्यायालय' स्थानक) ते स्वारगेट हा भुयारी मार्गही सुरू झाला, आणि चित्र बदललं. आता रामवाडीपर्यंत रिक्षा करायची, मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून खाली भुयारी स्थानकात जायचं, तिथून स्वारगेटची गाडी धरून मंडई. साधारण तासाभरात तुम्ही शहराच्या गाभ्यात असता आणि परतीचा वेळही आधी सांगता येतो. सिव्हिल कोर्टचे सरकते जिने मात्र संपता संपत नाहीत. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट शोधा.

मंडईला उतरल्यावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. दगडूशेठ गणपतीचं दर्शन चालत होतं, तुळशीबाग वाटेतच. शनिवारवाड्याबद्दल पुणेकर असूनही स्पष्ट सांगतो, वेळ कमी असेल तर दिल्ली दरवाजा, म्हणजे मुख्य दार, बाहेरून बघा आणि पुढे चला. १८२८च्या आगीनंतर आत मुख्यतः जोती आणि बाग उरलीय. तो वेळ राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला हा संग्रह २० हजारांहून जास्त वस्तूंचा आहे आणि त्यात तलवारींपेक्षा घरातल्या वस्तूंचा मान मोठा. नुसते अडकित्ते बघा. एका सुपारीसाठी कारागिराने किती जीव ओतलाय! दिवे, कुलपं, फण्या, दौती, सगळं कुणाच्या तरी रोजच्या वापरातलं. माझी आई एका पितळी दिव्यासमोर "हा आमच्या माजघरात होता" म्हणत पाच मिनिटं उभी होती.

खायचं म्हणाल तर मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट मिल्कशेक, प्या. मिसळीचा मोह मी तरी विमानाआधी टाळतो. काहीही झालं तरी अडीचला मंडई स्थानकात परत.

चार तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडूच नका. नवं टर्मिनल प्रशस्त आहे, जेवा, पाय पसरून बसा. सिंहगडाचं मात्र कुणी कितीही सुचवलं तरी ऐकू नका. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि घाटात गाड्या तुंबल्या की संपलंच.

संध्याकाळी उतरत असाल तर पॅलेसही बंद आणि संग्रहालयही, पण दगडूशेठचा परिसर आणि लक्ष्मी रस्ता तेव्हाच खरा जागा असतो. हात मोकळे असतील तर पेठाच. गणेशोत्सवात या भागातले रस्ते वाहनांना बंद होतात, मेट्रोतही मुंगीला शिरायला जागा नसते. त्या दहा दिवसांत परतीला हिशेबापेक्षा तासभर जास्त धरा. अनंत चतुर्दशीला विमान असेल, तर दर्शन पुढच्या खेपेला घ्या आणि आगाखान पॅलेसला जा.